उतरायचा सराव

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावणं येतं तेव्हा लिफ्ट बंद असते, त्यामुळे त्याचं निम्मं आयुष्य जिन्यात जातं. मिस्त्रीच्या तुकडीने डोंगर चढायचं ठरवलं ते याच भरवशावर.

शहराच्या टोकाला एक शुश्रूषाघर होतं. ज्यांच्यावर करण्यासारखे उपचार उरलेले नाहीत अशी माणसं तिथे राहायची. ज्यांना आपल्या घरीच शेवटचे दिवस काढायचे असतील त्यांच्यासाठी ते घर चालवणाऱ्या संस्थेला एक गाडी घ्यायची होती. नर्स आणि औषधं घेऊन घरोघरी जाणारी. त्यासाठी डोंगर चढायचा कार्यक्रम ठरला. निरनिराळ्या कंपन्यांतून तुकड्या येणार, प्रत्येक तुकडी आपल्या ओळखीपाळखीतून देणग्या जमवणार, शनिवारी चढणार, वरच्या तळावर मुक्काम करणार आणि रविवारी दुपारपर्यंत खाली येणार. लिफ्ट कंपनीच्या साहेबांनी त्याचं पत्रक फळ्यावर लावलं. बरेच दिवस त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका सकाळी मिस्त्री साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, “माझं नाव घाला.”

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला, अंगाने भारी आणि बोलण्यात कंजूष. डोंगर सोडाच, तो सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही चालत जात नसे.

“मिस्त्री, त्या डोंगराने तुमचं काय घोडं मारलंय?” लांब्याने विचारलं. लांब्या त्याच्या हाताखालचा मेकॅनिक. उंचीमुळे प्रत्येक मशीनरूमच्या दाराला त्याचं कपाळ आपटायचं आणि प्रत्येक वेळी तो दाराला शिवी द्यायचा.

“ताई तिथे आहे.”

“डोंगरावर?”

“शुश्रूषाघरात.”

लांब्याने पुढे विनोद केला नाही. संध्याकाळपर्यंत त्याचं आणि आणखी चौघांचं नाव साहेबांकडे गेलं होतं.

सरावासाठी वेगळा वेळ काढायची गरज पडली नाही. कुठल्याही इमारतीत लिफ्टची तपासणी असली की सगळे पाठीवर हत्यारांच्या पिशव्या घेऊन जिन्याने गच्चीपर्यंत जायचे. आधी एकेक मजल्यावर थांबून, मग दोन मजल्यांनंतर थांबून, मग न थांबता. लांब्या पुढे असायचा आणि वरून ओरडायचा, “या मिस्त्री, इथून तुमचं टक्कल छान दिसतंय.” मिस्त्री कठडा धरून, तोंडाने श्वास घेत, एकेक पायरी पुरी करून यायचा. हळूहळू त्याला वर पोहोचल्यावर लगेच बोलता येऊ लागलं. कमरेचा पट्टा एक भोक आत आला. सगळ्यांना बरं वाटलं.

वर काम उरकलं की लिफ्ट चालवून पाहावी लागते. दारं नीट मिटतात का, मजल्याच्या पातळीला बरोबर थांबते का, दोराचा आवाज येतो का, हे आत उभं राहूनच कळतं. त्यामुळे सगळे लिफ्टने खाली यायचे. हा कार्यक्रम आखणाऱ्या गिर्यारोहण मंडळाची एक बाई तयारी पाहायला ऑफिसात आली होती, तेव्हा तिने किती चढता म्हणून विचारलं आणि लांब्याने शहरातल्या उंच इमारतींची नावं घडाघडा सांगितली. बाई खूश झाली. मिस्त्रीला तिने बारकाईने पाहिलं, पायऱ्या चढवून घेतल्या, छातीचे ठोके मोजले आणि हरकत नाही म्हणाली. कसे उतरता, हे तिने विचारलं नाही. तिने दिलेल्या सूचनांत ‘चढउतर करा’ असं होतं. ते वाचून लांब्या म्हणाला, “उतरायचं काय शिकायचं? उतरायला काय, ओंडकासुद्धा उतरतो.”

देणग्यांची युक्ती त्याचीच. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस कुठेतरी बघत उभा असतो. एकमेकांकडे बघायची लाज वाटते म्हणून मजल्याच्या आकड्यांकडे बघतो. त्या आकड्यांच्या खालीच त्याने आवाहन चिकटवलं. वर सहाही जणांचा फोटो, आणि फोटोखाली लिहिलं: ‘आम्ही तुम्हाला रोज वर नेतो. एकदा आम्हालाही न्या.’ एका सोसायटीच्या चिटणिसाने तक्रार केली की आधी लिफ्ट नीट चालवा, मग डोंगर चढा. साहेबांनी मिस्त्रीला बोलावून समज दिली आणि जाता जाता आपलंही पाकीट त्याच्या हातात ठेवलं. एक म्हातारे गृहस्थ तर लांब्या दिसला की खिशात हात घालायचे. “तुमचा तो जाडा वर पोचला तर आणखी देईन,” ते म्हणाले. जाड्यावर पैज लावणारे पुष्कळ निघाले. मिस्त्री वर पोहोचणार की नाही, हा अनेक इमारतींत बोलण्याचा विषय झाला.

ताई या सगळ्याची रोज हकिकत मागायची.

ती मिस्त्रीपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मशीन चालवत होती. तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, “एकाला वाढवला, तेवढा पुरे झाला.” त्याला ती बारक्या म्हणायची. शुश्रूषाघरातल्या नर्सने बारक्या कोण ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आवरेना.

खोली लहान, खिडकी मोठी. मिस्त्री कामावरून थेट तिथे यायचा आणि खुर्चीत बसून ताईकडे बघत राहायचा. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी होती. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं.

“असा टक लावून बसू नकोस रे,” ताई म्हणायची. “तुझ्या बघण्यानेच मी दोन दिवस आधी जाईन. काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“घ्या. लिफ्टच्या मोटारीशी तासन् तास बोलत असशील. बहिणीशी बोलायला याला विषय लागतो.”

एकदा तिने स्वतःहूनच विषय काढला. आई गेली तेव्हा दोघं जेवायला म्हणून हॉस्पिटलच्या बाहेर गेले होते. परत आले तर खाटेवर चादर ओढलेली होती. त्या गोष्टीला कित्येक वर्षं झाली होती आणि दोघं त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

“एक सांगते,” ताई म्हणाली. “मला भीती नाही वाटत. पण शेवटी आपलं कुणीतरी असावं. ही नर्स सोन्यासारखी आहे, पण ती आपली नाही.”

“मी असेन,” मिस्त्री म्हणाला.

“बघ हं.”

“सांगितलं ना, असेन.”

त्यानंतर डोंगराला जायची वेळ जवळ आली तसा तो मागे सरू लागला. पाय दुखतात म्हणाला. कामाची गर्दी आहे म्हणाला. ताईने ऐकून घेतलं आणि मग त्याला चांगलं झापलं. “लिफ्टमध्ये फोटो लावलास, लोकांकडून पैसे घेतलेस, आणि आता माझ्या खाटेच्या मागे लपतोस? जा. वर काय आहे ते बघून ये आणि मला सांग. काही नसणारच म्हणा, पण बघून तर ये.”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आठवड्यात तसं काही वाटत नाही, रविवारी तुम्ही परत येताच आहात. तरी मिस्त्रीचा पाय निघेना. तेव्हा ऑपरेटरबाई म्हणाली, “शनिवार-रविवार मी बसते तिथे.”

ऑपरेटरबाई कंपनीच्या ऑफिसात फोनवर असायची. लिफ्टमध्ये कुणी अडकला आणि त्याने घंटेचं बटण दाबलं, की तो फोन तिच्या टेबलावर वाजायचा. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहणं हे तिचं काम. कुणी शिव्या द्यायचे, कुणी रडायचे. एकाने आत अडकल्या अडकल्या तिला आपल्या बायकोकडे गॅस बंद करायचा निरोप द्यायला लावला होता. किती वेळ लागेल हे ती कधी सांगायची नाही, कारण ते तिला माहीत नसायचं. आणि फोन ती आपणहून कधी ठेवायची नाही. मिस्त्रीबरोबर ती बरीच वर्षं कामाला होती. आत कोण आहे, घाबरलाय की चिडलाय, हे तिच्याकडून ऐकूनच तो जिने चढायचा.

ताईचं आणि तिचं पहिल्याच भेटीत जमलं. “बोलते कमी, ऐकते जास्त,” ताई मिस्त्रीला तिच्यादेखत म्हणाली. “आधी भेटली असती तर तुझं हिच्याशीच लावून दिलं असतं.”

“मला विचारलं असतंत ना?” ऑपरेटरबाई म्हणाली.

“तुला विचारलं असतं. याला नसतं विचारलं.”

शनिवारी सकाळी मिस्त्री निघाला.

चढण त्याला जमली. सहाजणांत तो सगळ्यात मागे होता, पण थांबला नाही. गवताळ उतार संपला, दगड सुरू झाले, हवा विरळ झाली. तो कठड्याची सवय असलेला हात काठीवर ठेवून एकेक पाऊल पुरं करत राहिला. दुसऱ्या कंपनीची तरुण पोरं अर्ध्यातून परत फिरली तेव्हा लांब्याला आभाळ ठेंगणं झालं. वरच्या तळावर मुक्काम करून रविवारी पहाटे सगळे माथ्यावर पोहोचले. लांब्याने मिस्त्रीचा फोटो काढला. फोटोत तो हसत नाही. डोळे बारीक करून चहूकडे बघतो आहे, सांगायचं म्हणून नीट बघून घेतो आहे.

उतरायला लागल्यावर थोड्याच वेळात त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. त्याला वाटलं थंडीने असेल. मग उजवा गुडघा आत वळल्यासारखा झाला. दगडावर पाय टेकवला की वरचं सगळं वजन गुडघ्यावर यायचं आणि ते पेलायची सवय त्या पायांना नव्हती. तुकडीतल्या सगळ्यांचीच तऱ्हा तशी होती. लांब्या बाजूने तिरका तिरका उतरत होता, एक जण बसून घसरत होता. पण ती वयाने लहान, अंगाने हलकी माणसं, त्यांचं निभावलं. मिस्त्री दुसऱ्यांदा पडला तेव्हा गुडघा विजारीत मावेना.

बरोबर आलेल्या वाटाड्याने पाय चाचपला. “सराव कसा केलात?” त्याने विचारलं.

“जिने,” लांब्या म्हणाला.

“उतरायचे पण?”

लांब्या मिस्त्रीच्या बुटाची नाडी सैल करू लागला. वाटाड्या लिफ्टबिफ्ट काही समजणारा नव्हता, आणि समजावण्यात आता अर्थही नव्हता.

दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, बसत, घसरत, मिस्त्रीला अर्ध्या वाटेवरच्या निवाऱ्यापर्यंत आणायला दुपार उलटली. तिथून पुढची वाट अरुंद होती. बाजूला खोल ओढा. वाटाड्या म्हणाला, याला उचलून नेणारी माणसं खालून सकाळी येतील, त्याआधी नाही.

“मला आज जायचंय,” मिस्त्री म्हणाला.

“आज तुम्ही गेलात तर ओढ्यात जाल.”

“लांब्या, तू मला पाठीवर घे.”

“घेतो,” लांब्या म्हणाला, आणि खरंच पाठ करून बसला. वाटाड्याने त्याला दंडाला धरून उठवलं. चौघांना त्याने पुढे पाठवून दिलं. लांब्या राहिला.

निवाऱ्यापाशी फोन लागत नव्हता. मागे पाण्याची टाकी होती, तिच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की लागायचा. निरोप द्यावा म्हणून लांब्या तिथे गेला, तर फोनवर ऑपरेटरबाईचे बरेच फोन येऊन गेलेले दिसले. त्याने लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, मग आपल्याकडचं सांगितलं. लांब्या निवाऱ्यात परतला आणि मिस्त्रीला काखेत धरून उठवू लागला.

“काय झालं?”

“चला. टाकीपाशी चला.”

टाकीच्या कोपऱ्यात पिशव्यांवर त्याने मिस्त्रीला बसवलं, पाय समोर सरळ ठेवून, आणि फोन त्याच्या हातात दिला.

“मिस्त्री,” ऑपरेटरबाई म्हणाली. तिचा आवाज कामावर असायचा तसाच होता. “ताईंचा श्वास दुपारपासून बदललाय. डॉक्टर येऊन गेले. त्या डोळे उघडत नाहीत, पण ऐकू जात असेल असं नर्स म्हणतात. मी फोन त्यांच्या उशीवर ठेवते. तुम्ही बोला.”

“मी येतो. मी निघतो.”

“तुम्हाला येता येणार नाही. लांब्याने सांगितलंय मला. बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. विषय लागत नाही.”

मिस्त्रीने फोन दोन्ही हातांनी धरला. मग तो म्हणाला, “ताई, मी बारक्या.”

लांब्या उठून निवाऱ्याकडे जाऊ लागला, तर मिस्त्रीने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

“पोचलो होतो वर,” तो म्हणाला. “तू म्हणालीस तसंच आहे. काही नाही वर. दगड आहेत. एक लोखंडी खांब रोवलाय, त्याला कुणी कुणी चिंध्या बांधल्यात. तू असतीस तर म्हणाली असतीस, कापड बरं आहे, वाया घालवलंय. खालचे रस्ते दिसतात. आपलं शहर कुठे ते लांब्या दाखवत होता, पण त्याने चुकीच्या बाजूला दाखवलं असणार.”

“बरोबर दाखवलं होतं,” लांब्या हळूच म्हणाला.

“हा म्हणतोय बरोबर दाखवलं. असेल.”

शुश्रूषाघरात खिडकीतून पिवळं ऊन खाटेवर आलं होतं. ताईचा श्वास थांबत थांबत येत होता. ऑपरेटरबाईने फोन तिच्या कानाशी टेकवून धरला होता. उशीवर ठेवलेला तो घसरत होता म्हणून तिने हातच तिथे ठेवला. फोनमधला आवाज ऑपरेटरबाईलाही पुरता ऐकू येत होता.

मिस्त्री बोलत होता. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवत नव्हतं. पाय कसे गेले ते त्याने सांगितलं, ते सांगताना हसला. मग दुकानातली गोष्ट काढली. “तुझ्या दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा आठवतो का? मालकाने नवा लावला तेव्हा जुना तू घरी आणलास. मला शाळेची चड्डी शिवलीस, तिला खिसे त्या पडद्याचे. बाहेरून निळी, सगळ्यांसारखी. पण खिशाच्या आत मोठी मोठी फुलं. मी वर्गात खिशात हात घालून बसायचो. मास्तर म्हणायचे, काय लपवलंयस, दाखव. मी नाही दाखवलं. मार खाल्ला, पण दाखवलं नाही. तुला सांगितलं नव्हतं मी हे. मला लाज वाटायची असं तुला वाटत असेल. लाज नव्हती गं. ती माझी होती फुलं, म्हणून नाही दाखवलं.”

ताईने श्वास सोडला. पुढचा आला नाही. ऑपरेटरबाई वाट बघत राहिली. मग तिने मोकळ्या हाताने खाटेजवळची घंटा वाजवली. नर्स आली, वाकली, मनगट धरलं, गळ्याला बोटं लावली आणि मान हलवली. तिने फोनकडे हात पुढे केला. ऑपरेटरबाईने नकार दिला. नर्सने भुवया उंचावल्या. ऑपरेटरबाईने फोन कानापासून हलवला नाही.

फोनमध्ये मिस्त्री दुसऱ्या गोष्टीवर गेला होता. बायकोचा निरोप आलाय, लेकीला मुलगी झाली तर नाव तुलाच ठेवायचंय. घरातलं तुझं मशीन मी तेल घालून झाकून ठेवलंय. छताला ओल आली होती ती काढली. डोंगरावर लांब्या तोंड फिरवून बसला होता. टाकीच्या पाण्यावर वाऱ्याने बारीक रेघा उठत होत्या.

शेवटी त्याचा आवाज बसला. “ऐकतेय ना ती?” त्याने विचारलं.

“फोन कानाशीच आहे,” ऑपरेटरबाई म्हणाली.

“तिला सांगा, सकाळी माणसं येतायत. म्हणावं, मी उद्या येतोच आहे. तेवढं थांब म्हणावं.”

ऑपरेटरबाईने फोन ताईच्या कानाशी तसाच धरून ठेवला.

“मीच सांगतो,” मिस्त्री म्हणाला. “ताई, उद्या येतो. तोवर थांब हं.”

मग त्याने फोन लांब्याकडे दिला. तिकडून फोन अजून चालू होता. लांब्याने तो कानाला लावला, थोडं ऐकलं आणि खिशात टाकला. तिने त्याला एवढंच सांगितलं होतं की मिस्त्रीला पाणी पाजा आणि निजवा. अधिक त्याने विचारलं नाही. रात्रभर मिस्त्री झोपला आणि लांब्या नाही.

सकाळी चार माणसं झोळी घेऊन आली आणि मिस्त्रीला खाली घेऊन गेली. उतरताना तो आभाळाकडे तोंड करून होता. अरुंद वाटेवर तो त्या माणसांना म्हणाला की मला कुणी असं कधी उचललं नव्हतं, बहिणीनेसुद्धा नाही, मी लहानपणापासूनच जड. माणसं हसली. डांबरी रस्त्यापाशी कंपनीची गाडी उभी होती आणि गाडीशेजारी ऑपरेटरबाई उभी होती.

झोळी खाली टेकली. ती त्याच्याजवळ रस्त्यावरच बसली.

“काल गेल्या,” ती म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही फोनवर होतात तेव्हा.”

“कुठल्या वेळी?”

“खिशातल्या फुलांचं सांगितलंत. त्यानंतर लगेच.”

मिस्त्रीने मनातल्या मनात पुढचं सगळं उलगडलं असावं. त्याचे ओठ हलत होते. “त्याच्यानंतर मी पुष्कळ बोललो.”

“हो.”

“ते कुणी ऐकलं?”

“मी.”

झोळीची माणसं लांब जाऊन उभी राहिली. लांब्या गाडीचं मागचं दार उघडून हत्यारांच्या पेट्या बाजूला सारत होता. त्या सारून झाल्यावरही सारत राहिला.

“मला सांगायचं होतंत,” मिस्त्री म्हणाला. “मी येडा तिथे छताची ओल सांगत बसलो. मला सांगायचं नाही तेव्हाच?”

“नाही.”

“का?”

“तुम्ही अडकला होतात. तुमच्याजवळ कुणी नव्हतं काही करू शकणारं. अडकलेल्या माणसाला मी आजवर वाईट बातमी दिलेली नाही. बाहेर आल्यावर देतात ती.”

“मी काय लिफ्टमधला कुणी आहे?” तो ओरडला. इतक्या वर्षांत ऑपरेटरबाईने त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. “माझी बहीण होती ती. तुम्ही कोण ठरवणार?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “तरी ठरवलं. तुम्हाला राग आला तर बरोबरच आहे.”

तिने माफी मागितली नाही आणि उठलीही नाही. थोड्या वेळाने लांब्याने आणि तिने मिळून मिस्त्रीला गाडीत मागच्या लांब बाकावर आडवं केलं. पाय वाकत नव्हते. ते दाराबाहेर येऊ लागले, तेव्हा लांब्याने आपला कोट गुंडाळून टाचांखाली दिला आणि दार हळूच लावलं.

गाडी शहराच्या रस्त्याला लागली. दुतर्फा गोदामं, पेट्रोल पंप, उघडणारी दुकानं. एका चौकात लांब्याने गाडी थांबवली तेव्हा मागून मिस्त्रीचा आवाज आला.

“मग मी होतो म्हणायचं की नव्हतो?”

ऑपरेटरबाई वळून बसली. “माझ्या हातात होता फोन. तुमचा आवाज त्यांच्या कानात होता, एवढं मी सांगू शकते. त्यांनी ऐकलं की नाही, ते मला माहीत नाही.”

“हात हलवला? काही?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“नाही, मिस्त्री.”

ती काहीतरी गोड सांगेल अशी लांब्याला आशा होती. आरशात त्याने तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. मागे मिस्त्रीने हात डोळ्यांवर आडवा घेतला. चौक सुटला. बराच रस्ता मागे पडल्यावर तो पुन्हा बोलला, आता सावकाश, एखादं काम नीट समजून घेतल्यासारखं.

“शेवटी मी म्हटलं ना, उद्या येतो, तोवर थांब म्हणून.”

“म्हणालात.”

“ते तिने नाही ऐकलं.”

“नाही. ते नाही.”

“बरं झालं,” मिस्त्री म्हणाला. “ऐकलं असतं तर थांबली असती बिचारी. सबंध रात्र.”

शुश्रूषाघराच्या फाटकाशी नर्स उभी होती. लांब्याने गाडी जितकी दाराजवळ नेता येईल तितकी नेली आणि मागचं दार उघडलं. चाकांची खुर्ची आणलेली होती. मिस्त्रीने ती पाहिली, मानेनेच नको म्हटलं, लांब्याच्या गळ्यात हात टाकला आणि पाय जमिनीवर टेकवले.